डाउनलोड केलेलं गाणं कोणाचं?

"अ‍ॅपमध्ये मी चारशे गाणी डाउनलोड करून ठेवली आहेत. म्हणजे ती माझीच झाली ना?" हा प्रश्न बहुतेक वेळा सबस्क्रिप्शन संपल्यावर पडतो. कार्ड बदललेलं असतं, पैसे कटायचे राहून जातात आणि एका सकाळी यादीतली नावं करडी पडलेली दिसतात. गाणी फोनमध्येच असतात, जागाही अडवून बसलेली असतात, पण वाजत नाहीत.

त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो: "बरं, विकत घेईन म्हटलं तर आता गाणी विकतं तरी कोण?" या प्रकरणात दोन्ही प्रश्न घेऊ. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी वीसेक वर्षं मागे जावं लागेल.

१. एकाच शब्दाचे दोन व्यवहार

गावातलं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. महिन्याची वर्गणी भरली की कपाटातलं हवं ते पुस्तक घरी नेता येतं. ते आपल्या उशाशी असतं, पण आत शिक्का वाचनालयाचा. वर्गणी थकली की पुस्तक परत. आणि वाचनालयानेच एखादं पुस्तक यादीतून काढलं, तर वर्गणी वेळेवर भरणाऱ्यालाही ते मिळत नाही. स्ट्रीमिंग अ‍ॅप हे असं वाचनालय आहे, आणि अ‍ॅपमधलं डाउनलोड म्हणजे घरी आणलेलं वाचनालयाचं पुस्तक.

स्पॉटिफायचा नियम पाहा. पैसे भरणाऱ्या ग्राहकाला एका उपकरणावर १०,००० गाणी, अशी पाच उपकरणांवर उतरवून ठेवता येतात. मात्र दर ३० दिवसांत एकदा तरी इंटरनेट जोडावं लागतं. त्या वेळी अ‍ॅप कंपनीला विचारून घेतं, या माणसाचे पैसे आले आहेत का? उत्तर नकारार्थी आलं की उतरवलेली गाणी बंद.

खात्री करायची असेल तर फोनमधलं फाइल मॅनेजर उघडा आणि अ‍ॅपमध्ये उतरवलेलं एखादं गाणं शोधा. गाण्याच्या नावाची फाइल सापडणार नाही. असतात ते सांकेतिक केलेले तुकडे, जे फक्त त्या अ‍ॅपलाच उलगडतात. ते पेन ड्राइव्हवर घेऊन गाडीत लावता येत नाहीत, की बहिणीच्या फोनवर टाकता येत नाहीत.

विकत घेतलेलं डाउनलोड याहून वेगळं. तिथे एक फाइल मिळते. ती कुठे ठेवायची, किती प्रती काढायच्या, कशावर वाजवायची हे आपण ठरवतो. उद्या दुकान बंद पडलं तरी फाइल राहते. अट एकच, तिला कुलूप नसलं पाहिजे. त्या कुलपाकडे वळण्याआधी फाइलच्या आत काय असतं ते पाहू.

२. पाच मिनिटांचं गाणं किती जागा खातं?

सीडीवर आवाज साठवताना एका सेकंदात ४४,१०० वेळा त्याचं माप घेतात. प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात, आणि डावा-उजवा मिळून असे दोन प्रवाह असतात. म्हणजे सेकंदाला ४४,१०० × १६ × २ = १४,११,२०० बिट. पाच मिनिटांच्या, म्हणजे ३०० सेकंदांच्या गाण्यासाठी हे झाले सुमारे ५३ एमबी. १९९० च्या दशकातल्या टेलिफोनच्या तारेवरून एवढी फाइल उतरवायला बसलं असतं, तर अख्खी दुपार गेली असती.

त्यावर तोडगा काढला जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग हे त्यांतलं ठळक नाव. माणसाच्या कानाला मोठ्या आवाजाच्या लगेच मागेपुढे आलेला बारीक आवाज ऐकू येत नाही, मग तो साठवायचा कशाला? असे न जाणवणारे भाग गाळून फाइल लहान करायची, ही एमपी३ मागची कल्पना. 'एमपी३' हे फाइलनावाचं शेपूट जुलै १९९५ मध्ये ठरलं. चांगल्या प्रतीच्या एमपी३ मध्ये सेकंदाला ३२० हजार बिट असतात, त्यामुळे आपलं पाच मिनिटांचं गाणं १२ एमबीत बसतं. अ‍ॅपल वापरतं त्या एएसी प्रकारात सेकंदाला २५६ हजार बिट, म्हणजे साधारण साडेनऊ एमबी.

तिसरा प्रकार फ्लॅक, २००१ पासूनचा. यात काहीच गाळत नाहीत, फक्त दाबून बसवतात. उघडल्यावर सीडीवरचा बिट न् बिट परत मिळतो. फाइल मूळच्या साधारण निम्म्या आकाराची होते.

घ्यायचं कोणतं? ऐकण्यापुरतं म्हणाल तर ३२० चं एमपी३ किंवा २५६ चं एएसी पुरेसं आहे. डोळे मिटून फरक ओळखणारे फार थोडे, आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरवर तर कुणीच नाही. पण जपून ठेवायचं असेल आणि फ्लॅक मिळत असेल, तर ते घ्यावं. फ्लॅकपासून एमपी३ कधीही बनवता येतं. एमपी३ मधून गाळलेलं मात्र परत आणता येत नाही. '२४ बिट, १९२ किलोहर्ट्झ' असा शिक्का मारून दुप्पट किमतीला विकल्या जाणाऱ्या फाइली बहुतेकांनी सोडून द्याव्यात. त्यातली वाढीव माहिती ऐकायला माणसाचा कान पुरत नाही.

एमपी३ वरचे पेटंट हक्क २०१७ पर्यंत संपले आणि फ्लॅक सुरुवातीपासूनच खुलं आहे. त्यामुळे या फाइली वाजवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर बनवायला कुणाची परवानगी लागत नाही. तीस वर्षांनीही त्या वाजतील असं मानायला हे चांगलं कारण आहे.

३. कुलपाची गोष्ट

२८ एप्रिल २००३ रोजी अ‍ॅपलने आयट्यून्स म्युझिक स्टोअर उघडलं. दोन लाख गाणी, प्रत्येकी ९९ सेंट. पहिल्याच आठवड्यात दहा लाख गाणी खपली. फुकटात मिळणाऱ्या चोरीच्या गाण्यांपुढे पैसे देऊन गाणी घेणारे लोक आहेत, हे पहिल्यांदा ठळकपणे दिसलं.

पण त्या गाण्यांना 'फेअरप्ले' नावाचं कुलूप होतं. ती ठरावीक संख्येच्या संगणकांवरच चालत, आणि खिशातल्या यंत्रांपैकी फक्त अ‍ॅपलच्याच आयपॉडवर. रेकॉर्ड कंपन्यांचा आग्रह होता की कुलूप नसेल तर आम्ही गाणी देणार नाही. पैसे मोजून फाइल घेतली, तरी किल्ली दुकानदाराकडेच राहिली.

किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होतं, ते मायक्रोसॉफ्टच्या ग्राहकांना कळलं. या कंपनीने कुलूपबंद गाण्यांसाठी एक पद्धत काढली आणि तिला नाव दिलं 'प्लेज फॉर शुअर', हमखास वाजणारच! वेगवेगळ्या दुकानांनी आणि प्लेअर बनवणाऱ्यांनी ती उचलली. २००६ च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टने स्वतःचा 'झून' प्लेअर आणला, तर त्यावर ही हमखास वाजणारी गाणी वाजेचनात. त्याच सुमारास कंपनीचं 'एमएसएन म्युझिक' हे दुकानही विक्रीला बंद झालं. आणि एप्रिल २००८ मध्ये जुन्या ग्राहकांना कळवण्यात आलं, की ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. म्हणजे आहे त्या संगणकावर गाणी वाजतील, पण तो संगणक बदलला की विकत घेतलेला साठा मुका. फार आरडाओरडा झाला, तेव्हा मुदत २०११ च्या अखेरपर्यंत वाढवली. याहूच्या दुकानानेही २००८ मध्येच किल्ल्यांचं खातं बंद करायचं ठरवलं आणि ग्राहकांची भरपाई करून विषय मिटवला.

या लोकांनी काहीही चोरलं नव्हतं. रांगेत उभं राहून तिकीट काढणारे हे लोक. ज्यांनी फुकट, बेकायदा उतरवली त्यांची गाणी मात्र सुखाने वाजत राहिली. कुलपाने नेमका प्रामाणिक माणूसच अडवला, हे रेकॉर्ड कंपन्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

फेब्रुवारी २००७ मध्ये अ‍ॅपलच्या स्टीव्ह जॉब्जने जाहीर पत्र लिहून कुलपं काढायला आपण तयार आहोत असं सांगितलं. रेकॉर्ड कंपन्यांपैकी ईएमआय आधी तयार झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात अ‍ॅमेझॉनने विनाकुलूप एमपी३ विकायला सुरुवात केली, आणि जानेवारी २००९ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्सवरची सगळी गाणी मोकळी करत असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून मोठ्या दुकानात विकत घेतलेलं गाणं म्हणजे मोकळी फाइल, असं साधारण धरून चालायला हरकत नाही. सिनेमे आणि ई-पुस्तकं मात्र आजही बहुतांशी कुलपातच आहेत. २००९ च्या जुलैत अ‍ॅमेझॉनने हक्कांच्या भानगडीमुळे ग्राहकांच्या किंडलवरून एक विकलेलं पुस्तक परस्पर पुसलं. ते नेमकं जॉर्ज ऑर्वेलचं '१९८४' होतं.

या साऱ्याची दखल आता कायद्यानेही घेतली आहे. कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला फक्त वापराचा परवाना मिळणार असेल तर तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय दुकानदाराला 'विकत घ्या' असं बटण दाखवता येत नाही. जी वस्तू कायमची उतरवून इंटरनेटविना वापरता येते, तिला हा नियम लागू नाही. मोकळी फाइल आणि बाकी सगळं यांतली रेघ कायद्यानेही तिथेच ओढली आहे.

४. आपल्याकडचं दुकान का चाललं नाही?

'भारतात लोक गाण्याला पैसे देत नाहीत' हे वाक्य इतक्यांदा ऐकलं आहे की खरं वाटू लागतं. पण आठवा. मोबाइलच्या सुरुवातीच्या वर्षांत आपण कॉलर ट्यूनला महिन्याला तीसेक रुपये देत होतो, तेही स्वतः न ऐकता समोरच्याला ऐकवण्यासाठी! बाजारपेठेतल्या मोबाइल दुकानात मेमरी कार्ड देऊन 'जुनी मराठी भर, थोडी भजनं टाक' असं सांगणारेही पैसे देऊनच भरून घेत. ते पैसे गायकाकडे किंवा कंपनीकडे जात नव्हते, एवढंच. त्या कार्डातलं गाणं गाडीच्या स्टिरिओवर लावलं की गायकाच्या नावाच्या जागी कुठल्यातरी फुकट्या संकेतस्थळाचं नाव सरकत जाई. आवाजही बहुतेक वेळा सेकंदाला १२८ हजार बिटांचा, झांजा आणि टाळ चिरकणारा.

फेब्रुवारी २०१२ मध्ये फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं दुकान काढलं. मोकळी एमपी३ गाणी, किंमत सहा रुपयांपासून. त्याच वर्षी डिसेंबरात आयट्यून्सही भारतात आलं, एक गाणं साधारण ७ ते १५ रुपयांना. फ्लाइट पुढच्याच वर्षी जूनमध्ये गुंडाळलं गेलं. चोरीची गाणी आणि लहान रकमा सहज भरण्याची सोय नसणं, ही दोन कारणं कंपनीने सांगितली.

दुसरं कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. २०१२ मध्ये दहा रुपयांचं गाणं घ्यायचं तर कार्डाचे सोळा आकडे, मागचे तीन, मग बँकेचं पान, मग पासवर्ड. एवढं करून मधेच व्यवहार अडकला की पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक व्यवहारामागे बँकेचा खर्च असतो, त्यामुळे दहा रुपयांत दुकानदाराच्या हाती फारसं उरत नाही. गाण्याची किंमत ग्राहकाला परवडत होती. ती चुकती करण्याची खटपट परवडत नव्हती.

ही अडचण २०१६ मध्ये सुटली. त्या वर्षी यूपीआय आलं, आणि पुढे दहा रुपयांचा चहा आणि दहा रुपयांचं गाणं सारख्याच सहजतेने घेता येण्याची सोय झाली. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओही आलं. डेटा इतका स्वस्त झाला की गाणं उतरवून ठेवण्याची गरजच कुणाला वाटेना. त्याच वर्षी फेब्रुवारीअखेर मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस बंद झालं होतं, १९४८ पासूनचं संगीताचं दुकान. गाणी विकण्यातला मोठा अडसर दूर झाला तेव्हा ती विकत घेण्याची सवयच मोडलेली होती.

आज काय उरलं आहे? अ‍ॅपलच्या खात्यात यूपीआयने पैसे भरून आयट्यून्स स्टोअरमधून गाणी घेता येतात, आणि त्यासाठी आयफोन असण्याची गरज नाही, विंडोजचा संगणक चालतो. स्वतंत्र कलाकारांसाठी बँडकॅम्प आहे, तिथे फ्लॅकही मिळतं. आणि घरातल्या जुन्या सीडी आहेतच. संगणकाला बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह घेतला तर एका सीडीवरची गाणी फ्लॅकमध्ये उतरवायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. बुरशी धरण्याआधी हे काम उरकलेलं बरं.

५. कालपर्यंत होतं, आज नाही

अ‍ॅपवरून गाणी नाहीशी का होतात? कारण अ‍ॅपचीही ती नसतात. रेकॉर्ड कंपनीशी ठरावीक मुदतीचा करार असतो. मुदत संपली आणि नवी बोलणी फिसकटली की गाणी काढून टाकावी लागतात.

स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. पाठोपाठ सारेगामा कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि एप्रिलमध्ये तिची गाणी स्पॉटिफायवरून काढण्याचं ठरलं. सारेगामा म्हणजे पूर्वीची एचएमव्ही. मराठी भावगीतं, नाट्यगीतं, जुनी चित्रपटगीतं यांचा केवढा साठा त्या एका नावाखाली आहे, हे वेगळं सांगायला नको. पुढे २०२० मध्ये करार झाला आणि गाणी आली. मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकची अनेक गाणी अशीच एकाएकी गेली, मग परतली. ज्यांनी आवडीच्या याद्या करून ठेवल्या होत्या त्यांच्या यादीत मधेच खिंडारं पडली.

कधी अ‍ॅपच बंद होतं. गूगल प्ले म्युझिक २०२० च्या अखेरीस बंद झालं. रेसो भारतात जानेवारी २०२४ च्या शेवटी गेलं, एअरटेलच्या विंकने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. दर वेळी ग्राहकाने नवीन अ‍ॅप घ्यायचं, यादी पुन्हा जमवायची.

आणखी एक प्रकार बारीक आहे, त्यामुळे सहसा लक्षात येत नाही. गाणं जातं आणि त्याच नावाचं दुसरं सापडतं. जुन्या भावगीतांची तीच चाल, पण गळा दुसरा आणि मागे सिंथेसायझर. किंवा मूळ गायकानेच वीस वर्षांनी नव्याने ध्वनिमुद्रित केलेलं. शोधणाऱ्याला वाटतं, लहानपणी रेडिओवर ऐकलेलं हेच. ते हे नसतं. ज्याच्याकडे मूळ ध्वनिमुद्रणाची फाइल आहे, त्याला हा घोळ शिवत नाही.

६. पैशांचा हिशेब, दोन्ही बाजूंचा

आधी आपला. सबस्क्रिप्शन महिना १२० रुपये धरू. दहा वर्षांचे १४,४०० होतात. १५ रुपयांना एक, या हिशेबाने तेवढ्यात ९६० गाणी येतात. पाच मिनिटांचं एक धरलं तर ८० तासांचं संगीत, आणि जागा म्हणाल तर १६ जीबीच्या पेन ड्राइव्हमध्ये आरामात मावेल.

रोज नवं ऐकणाऱ्याला ९६० गाणी फारच थोडी आहेत. त्याने सबस्क्रिप्शनच घ्यावं, त्याला ते स्वस्त पडतं. पण ज्या गाण्यांकडे आपण वर्षानुवर्षं परत परत जातो त्यांची यादी करायला बसलं, तर दीडदोनशेनंतर पेन अडखळू लागतं. दोनशे गाण्यांचे ३,००० रुपये. माझं मत असं, की चाखण्यासाठी अ‍ॅप फुकट आवृत्तीतही चालतं, पण ही दोनशे गाणी दुसऱ्याच्या करारावर सोडू नयेत.

आता कलाकाराचा हिशेब. तुमचे १२० रुपये तुम्ही ऐकलेल्या गायकाला जातात, हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. बहुतेक अ‍ॅप सगळ्यांचे पैसे एका ढिगात टाकतात आणि ऐकण्याच्या संख्येनुसार तो ढीग वाटतात.

मानू की एका अ‍ॅपला दोनच ग्राहक आहेत. दोघांचे मिळून २४० रुपये, अ‍ॅपने ३० टक्के ठेवले, वाटायला उरले १६८. एक कॉलेजकुमार दिवसभर नवी फिल्मी गाणी लावतो. महिन्यात ९०० वेळा. दुसरे एक निवृत्त गृहस्थ फक्त एका ख्याल गायिकेचं गाणं ऐकतात. महिन्यात १०० वेळा. एकूण १,००० वेळांपैकी तिचा वाटा दहा टक्के, म्हणजे १६ रुपये ८० पैसे. गृहस्थांनी तर तिच्याशिवाय कुणाला ऐकलेलंच नाही. त्यांच्या १२० मधले ८४ रुपये तिला मिळायला हवे होते. उरलेले ६७ रुपये २० पैसे कॉलेजकुमाराच्या आवडीच्या गाण्यांकडे गेले.

शास्त्रीय संगीताला यात दुहेरी मार बसतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं असं मोजतात. तीन मिनिटांचं फिल्मी गाणं एकदा आणि चाळीस मिनिटांचा विलंबित-द्रुतसकट पुरिया धनाश्रीही एकदाच. तेवढ्या वेळात दुसऱ्याची तेरा गाणी मोजली जातात. शिवाय २०२४ पासून, जे ध्वनिमुद्रण मागच्या बारा महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा ऐकलं गेलं, त्याला स्पॉटिफायच्या ढिगातून काहीच मिळत नाही. एखाद्या तालुक्यातल्या भजनी मंडळाचं ध्वनिमुद्रण बहुधा याच रेषेखाली राहणार.

थेट विक्रीत हे त्रैराशिक नसतं. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं, आणि वर्षात ५,००० डॉलरच्या वर विक्री गेली की १० टक्के. ३०० रुपयांचा अल्बम घेतला तर ४५ बँडकॅम्पचे, थोडे पैसे पाठवण्याच्या खर्चात, आणि बाकी कलाकाराच्या किंवा त्याच्या कंपनीच्या हाती. तरीही दुकान ते दुकानच. बँडकॅम्प २०२२ मध्ये एपिक गेम्सने विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी साँगट्रॅडरला विकलं, त्यात निम्मे कर्मचारी गेले. म्हणून तिथे घेतलेला अल्बम 'खात्यात आहे' म्हणून निर्धास्त राहू नये. घेतल्या दिवशीच संगणकावर उतरवावा.

७. मालकी कुठपर्यंत?

फाइल आपली झाली तरी गाण्याचे हक्क आपले होत नाहीत. ऐकता येतं, घरच्यांना ऐकवता येतं, स्वतःसाठी प्रती ठेवता येतात. हॉटेलात किंवा तिकीट लावलेल्या कार्यक्रमात वाजवायचं तर परवाना लागतो. लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभ यांना आपल्या १९५७ च्या कायद्यातल्या कलम ५२ मध्ये सूट आहे.

जुनं पुस्तक रद्दीच्या दुकानात विकता येतं, जुनी सीडीही. वापरलेली फाइल विकता येईल का? अमेरिकेत 'रीडिजी' नावाच्या कंपनीने तसा बाजार मांडला होता. कॅपिटॉल रेकॉर्ड्सने दावा लावला. न्यायालय म्हणालं, फाइल एका संगणकातून दुसऱ्यात जाते तेव्हा नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला. पटो न पटो, आजची स्थिती अशी आहे.

माणूस गेल्यावर त्याच्या गाण्यांचं काय होतं? अ‍ॅपलने २०२१ च्या डिसेंबरात वारसदार संपर्काची सोय केली. त्या वारसाला फोटो मिळतात, कागदपत्रं मिळतात, पण विकत घेतलेलं संगीत, सिनेमे, पुस्तकं त्यात येत नाहीत. घरातल्या हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलेल्या मोकळ्या फाइली मात्र वाजत राहतात.

हक्कांनाही मुदत असते, हे अनेकांना ठाऊक नसतं. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. म्हणजे १९६० मध्ये बाजारात आलेल्या तबकडीवरचा कंपनीचा हक्क २०२० च्या अखेरीस संपला. पण शब्द आणि चाल यांचा हक्क वेगळा. तो कवीच्या आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ग. दि. माडगूळकर १९७७ मध्ये गेले, त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ च्या अखेरपर्यंत आहे. तबकडी मोकळी झाली म्हणून तिच्यावरचं गीत मोकळं झालं असं नसतं.

८. घेतल्यावर सांभाळायचं कसं?

मार्च २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं, की सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत गेलं. पाच कोटींच्या घरातली गाणी. अनेक होतकरू वादकांची दुसरी प्रतच नव्हती. तेव्हा प्रती तीन हव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, आणि एक दुसऱ्या घरी, भावाकडे किंवा मुलीकडे. इंटरनेटवरची साठवण ही चौथी चालेल, एकुलती नको.

दुसरं काम थोडं कंटाळवाणं, पण गोडी लागली की सुटत नाही. प्रत्येक फाइलच्या आत एक चिठ्ठी असते, तिला टॅग म्हणतात. गाण्याचं नाव, गायक, अल्बम, वर्ष, संगीतकार, गीतकार असे त्यात रकाने असतात. विकत घेतलेल्या मराठी गाण्यांत हे रकाने बहुतेक वेळा अर्धवट भरलेले सापडतात. भीमसेन जोशी एका फाइलीत 'पंडित' लावून, दुसरीत 'पं.' आणि तिसरीत नुसतेच. मग प्लेअरमध्ये ते तीन वेगळे गायक म्हणून दिसतात. संगीतकाराच्या रकान्यात गायक, अल्बमच्या जागी 'सदाबहार भाग ३', आणि कवीचा रकाना कोरा. स्ट्रीमिंग अ‍ॅपवर हे सुधारता येत नाही. स्वतःच्या फाइलीत येतं. म्युझिकब्रेन्झ पिकार्ड हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि देवनागरी व्यवस्थित लिहितं.

भावगीताला गीतकार आणि संगीतकार दोन्ही भरा. नाट्यगीताला अल्बमच्या जागी नाटकाचं नाव लिहा. ख्यालाला राग, ताल आणि कळत असेल तर मैफलीचं वर्ष व गाव. जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांना शेरा या रकान्यात तबकडीचा क्रमांक लिहून ठेवा. एका बैठकीत वीसेक फाइली होतात, आणि हार्ड डिस्कवरची प्रत टॅग भरून झाल्यावर पुन्हा काढायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या घरी जुनीच चिठ्ठी राहते.